खरखर आली पाहिजे

बालाघाटच्या बसस्टँडमागे एक मिस्त्री स्पीकर दुरुस्त करतात. हातात पेचकस, नजर उघड्या बॉक्समध्ये. गिऱ्हाइकाकडे मान वर करून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सिनेमातल्या सगळ्या गोड गायिका त्यांच्या पेनड्राइव्हवर आहेत. पण दुरुस्त झालेला बॉक्स तपासायला ते एकच गाणं लावतात. खैरलांजीकडे धानाच्या रोवण्यात, भातलावणीच्या चिखलात उभं राहून गाणाऱ्या एका बाईचं, कुणीतरी मोबाइलवर टिपलेलं.

एकदा एक डीजेवाला वैतागला, "भैया, आवाज फट रही है. ट्रेबल कम करो."

"फाटून नाई राह्यला," ते म्हणाले. "दिवसभर वाकून रोवणा केला, मंग गायली बाई. वर चढते तवा गळा खरखरते, पण सूर सोडत नाई. थे खरखर आयकू आली, तं बॉक्स चांगला."

बटणाला त्यांनी हात लावला नाही.

तो आवाज मी केव्हाच ओळखला होता. माझ्या आत्याचा. पुढच्या आठवड्यात विहाराचा माईक बिघडला, तेव्हा तिलाच सोबत नेलं.

"भाऊ, एवढा माईक पाहून द्या न," आत्या म्हणाली.

त्यांनी पेचकस खाली ठेवला, मान वर केली आणि स्टुलावरून उठून उभे राहिले.