आत्याची परीक्षा, बाबांचा निकाल

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. महिना उलटला... अजून नांदेडहून फोन आला की वाटतं, तीच असणार आणि म्हणणार, "काय छापून राहिलीस, पोरी? लोकान्ला कळंल असं लिही."

रत्नाआत्या बाबांची धाकटी बहीण. शरीराची प्रतिकारशक्तीच कधी मेंदूला आणि मज्जातंतूंना कशी आजारी पाडते, हे ती शास्त्रज्ञांना शिकवायची. दर उन्हाळ्यात नांदेडला तिचा वर्ग भरे. आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. बाबा पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करत, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळत, आणि मोर्चाच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रकं वाटत. आत्यानं घरातली तीच रीत वर्गात नेली. शेवटी प्रत्येक शास्त्रज्ञानं एका आजारावर एकपानी पत्रक लिहायचं आणि ते त्या आजाराच्याच माणसाला वाचून दाखवायचं. तो 'कळलं' म्हणाला तरच पास. मोठ्या पदव्यांची माणसं त्या एका पानापुढे घाम पुसत बसायची.

काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळात उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मी पेटून पत्रकं लिहीत होते. नळ कोरडे, टँकरपुढे भांडणं. बाबांना जुलाब लागले, थांबले, आणि पंधरवड्यानं त्यांचे पाय उचलेनात. मग हातही. नांदेडला नेताना गाडीत त्यांचा श्वास अडखळत होता आणि मी दर खड्ड्याला सरकारला शिव्या देत होते.

इलाजानं श्वास सावरला. पाय मात्र तसेच. "म्या संपलो," म्हणून बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंना ते पायाला हात लावू देईनात. आणि व्यायामाशिवाय पाय कायमचे आखडतील, हे सांगून डॉक्टर थकले.

आत्यानं समजावलं नाही. म्हणाली, "दादा, माझ्या वर्गाची परीक्षा घेशील?"

"म्या काय जत्रंतला बैल हाय व्हय, लोकांनी बघायला?"

"बघायला न्हाई. नापास करायला."

बाबा हसले. किती दिवसांनी...

पहिल्या शास्त्रज्ञानं बाबांच्या खाटेशी उभं राहून वाचलं. "न्हाई कळलं." दुसऱ्यानं वाचलं. "न्हाई." आत्या दाराशी हाताची घडी घालून उभी. मग मुदखेडची एक संशोधक मुलगी पुढे आली.

"काका, जुलाबाच्या जंतूशी लढायला तुमच्या रक्तानं शिपाई तयार केले. त्या जंतूचं रूप आणि तुमच्या नसांवरचं आवरण दिसायला सारखं. शिपाई फसले. जंतू गेला, तरी ते नसांवर तुटून पडले. नस म्हणजे वायंडिंगची तार समजा. वरचं व्हार्निश उडालं, म्हणून करंट पायापर्यंत पोचत नाही."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. "मंग तार तुटली का?"

मुलीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मानेनं बाबांकडे खूण केली. उत्तर मुलीनंच द्यायचं होतं.

"पुष्कळांची शाबूत राहते, काका. व्हार्निश परत चढतं, हळूहळू. तुमचं किती चढेल, ते आज सांगता येत नाही."

मला तिचा राग आला. आजाऱ्याला असं सांगतात? पण बाबा म्हणाले, "कळलं. पास." आणि दाराबाहेरच्या व्यायामवाल्या बाईंना हाक मारली, "या बाई. धरा पाय."

पत्रकामुळे माणसं रस्त्यावर उतरलेली मी लहानपणापासून पाहिली होती. पत्रक ऐकून एखादा माणूस पुन्हा स्वतःच्या पायांकडे वळलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

त्याच आठवड्यात 'टँकरच्या पाण्यानं माझ्या बापाला पांगळं केलं' असं पत्रक लिहून मी आत्यापुढे ठेवलं. तिनं विचारलं, "पाणी तपासलं का कोणी?"

"न्हाई."

"मंग तपासायची मागणी लिही. राग असू दे. पण त्या शिपायांसारखं करू नको... आधी ओळख पटव." पाणी तपासा, ही मागणी मी सगळ्यात वर छापली.

मागच्या आठवड्यात तिचा वर्ग तिच्याविना भरला. आता ती मुदखेडची मुलगी शिकवते. बाबा काठी टेकत गेले आणि दर उन्हाळ्यासारखे पहिल्या रांगेत परीक्षा घ्यायला बसले. एका तरुण शास्त्रज्ञानं पत्रक वाचलं.

"न्हाई कळलं," बाबा म्हणाले आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं...

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि नीट सरसावून बसले. "घाई न्हाई, बाळा. वाच पुन्हा."