सोपान सरांच्या गळ्यात बीजगणित

सोपान सर मराठीचे. इंदापूर तालुक्यात सत्कार असो, साखरपुडा असो की ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन, माईक त्यांच्याच हाती. नुसता नारळ फोडायचा असला तरी ते पाव तास बोलत. अशा माणसाच्या गळ्यात यंदा जूनमध्ये सातवीचं गणित पडलं. गणिताच्या प्रतिक्षा मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिका अनिता मॅडम म्हणाल्या, "दिवाळीपर्यंतच सर. तुम्हाला बोलायला कुठं विषय लागतो?"

डाळजला घरी बायको भाकरी थापत होती. बातमी ऐकून संजीवनीबाईंचा हात थांबला.

"तुमी? गणित? अवो, परवा पाव्हणं किती येणार विचारलं, तर 'भरपूर' म्हणालात."

"बीजगणित हाय. त्यात आकडं कमी, अक्षरं जास्त. म्हंजे आमचंच खातं की."

"मग लेकरांचं कल्याणच हाय," म्हणत त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

पहिल्या तासाला सरांनी वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं : चल.

"कुठं सर?" मागच्या बाकावरून युवराजनं विचारलं.

वर्ग खिदळला, सरही हसले. "चल म्हणजे ज्याची किंमत एका जागी थांबत नाही. बाजारातल्या टोमॅटोसारखी."

हे सगळ्यांच्या घरचंच दुखणं होतं, त्यामुळं लगेच पटलं.

मग 'राशी' आली. युवराजनं आपली सिंह असल्याचं जाहीर केलं. सर म्हणाले, "बैजिक राशीला साडेसाती नसते. तिच्यात फक्त पदं असतात."

"चेअरमनसारखी?"

"तशीच. पण इथं दोन पदांच्या मधे अधिक-उणे बसतं, म्हणून भांडणं होत नाहीत. एक पद असलं तर एकपदी, दोन असली तर द्विपदी."

"मग आमचं चुलतं द्विपदी हायेत सर. सोसायटीत बी अन् पतसंस्थेत बी!"

गणिताच्या तासाला हशा आणि टाळ्या ऐकून अनिता मॅडम दोनदा वर्गात डोकावून गेल्या. एकही गणित मात्र अजून सुटलं नव्हतं. सरांनी ते कुणाच्या लक्षात येऊ दिलं नव्हतं, स्वतःच्यासुद्धा.

शेवटी 'सजातीय पदं' आली. पुढच्या बाकावरच्या श्रेयानं हात वर केला.

"सर, जात बघायची नसती, असं तुमीच भाषणात म्हणाला होता."

सर क्षणभर गंभीर झाले. "माणसाची नाहीच बघायची. इथं फक्त अक्षर बघायचं. अक्षर एक, तर बेरीज करायची. अक्षर वेगळं असेल, तर दोघांनी शेजारी सुखानं नांदायचं."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. श्रेया मात्र उभीच होती. "आता एक सोडवून दाखवा की सर."

तिनं सांगितलेलं उदाहरण सरांनी फळ्यावर लिहिलं : 3x + 2y + 4x. मग मोठ्या झोकात उत्तर लिहिलं : 9xy.

या वेळी टाळी पडली नाही.

"सर," श्रेया हळूच म्हणाली, "'वाय'ला विचारलं का?"

"काय?"

"त्यो शेजारी सुखानं नांदत होता. तुमी त्याला बेरजेत वढला."

सरांनी फळ्याकडं पाहिलं. तालुक्यातले सगळे माईक गाजवलेल्या माणसानं खडू श्रेयाच्या हातात दिला. तिनं लिहिलं : 7x + 2y.

"क्लास लावलास का गं?"

"न्हाय सर. तुमी सांगितलं तसंच केलं."

सरांना हसावं की लाजावं कळेना. मग ते हसलेच, आणि सगळा वर्ग हसला.

त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पुस्तकातली उदाहरणं सोडवू लागले. अडलं की प्रतिक्षा मॅडमना फोन. तिकडं बाळ रडायचं, आणि त्यातूनच मॅडम ओरडून सांगायच्या, "कंसाबाहेर उणे असेल तर आतली चिन्हं बदलतात सर!"

सहामाहीत वर्ग चांगला उतरला. रजेवरून परतलेल्या मॅडमची तक्रार एवढीच, की 'चल म्हणजे काय?' या एका मार्काच्या प्रश्नाला युवराजनं दीड पान लिहिलंय, टोमॅटोच्या भावासकट. सरांनी ती उत्तरपत्रिका मागून घेतली, मन लावून वाचली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून परत दिली.