मिरचीच्या वाफ्यातले दिवे

१९८६ साली गणपती विसर्जनानंतर तोंडवलीच्या वत्सलामावशीचं पत्र आलं: "तुझं विज्ञान काही कामाचं असेल तर ये." मी तेव्हा कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. असं कुणी म्हटलेलं मला खपत नसे, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले.

पहाटेची एसटी, फोंडाघाटातली वळणं, कणकवलीला चहा-भजी. तिकीट वीस-पंचवीस रुपयांत भागलं. मालवणला गाडी बदलून पोचेपर्यंत दिवस मावळला. तुम्ही जाल तर याच दिवसांत जा, आणि सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

हात-पाय धुतले न धुतले तोच मावशीने मला परसात नेलं. वर्षभराची मिरची ज्या रोपांवर अवलंबून, ती अर्धी कुरतडलेली. अंधार पडला तसे वाफ्यात हिरवट ठिपके उजळले. चपटे, सरपटणारे किडे, शेपटाशी दिवा घेऊन.

"ह्येच चोर. उद्या सकाळी पावडर मारतलंय."

ती काजव्यांची पिल्लं आहेत, असं मी तिला सांगितलं. "मारू नको गं," मी धडाच म्हणून दाखवला, "काजवे जोडीदार शोधायला चमकतात."

"ही तर पोरां मां? पोरांका लग्नाची घाई कित्याक गो?"

तिचं बरोबर होतं. खरं सांगते, भीतीही वाटली. मी हट्टाने पावडर थांबवली आणि रोपं गेली, तर मिरची मावशीची जाणार होती, माझी नाही.

कंदील बारीक करून आम्ही दोघी वाफ्याशी उकिडव्या बसलो. न्हाणीकडून एक जाडजूड बेडूक आला. त्याने एक दिवा गपकन तोंडात घेतला आणि लगेच पुढच्या पायांनी तोंड पुसत बाहेर ढकलला. पिल्लू धडधाकट चालू लागलं. थोड्या वेळाने दुसरा दिवा त्याच्या नाकासमोरून गेला, तर बेडूक जागचा हलला नाही.

"कडू लागला त्येका," मावशी हसली. "आता उजेड दिसलो की लांब रवता."

माझ्या पुस्तकात नसलेलं उत्तर तिने एका दमात दिलं. मोठ्यांचा उजेड जोडीदारासाठी, पिल्लांचा मात्र 'मला खाऊ नका' असं बजावायला.

मग रोपं कोण खातं? कंदील मोठा करून मी पानं उलटली. खाली गोगलगायी चिकटलेल्या, आणि एका पिल्लाचं डोकं चक्क गोगलगायीच्या शंखात, तिलाच खात! चोर अंधारात जेवत होते आणि राखणदार उजेडामुळे पकडले गेले होते. मावशीने टोपलीभर गोगलगायी वेचल्या आणि पावडर माळ्यावर टाकली.

कोल्हापूरला परतल्यावर वर्गात मी हे जसंच्या तसं सांगितलं, माझी चूक धरून. मुलं खूप हसली. पण वाफ्याची काळजी मनातून जाईना. दिवाळीनंतर मावशीचं कार्ड आलं: "रोपं वाचली. शेजारच्या तिघींनीही पावडर आणली होती. त्यांना संध्याकाळी बोलावून बेडूक आणि पानांखालच्या गोगलगायी दाखवल्या. आता चारही परसांत दिवे आहेत."