मध्ययुगातलं मांजर, श्रूजबरीत

नवऱ्याची नोकरी गेली त्याच हिवाळ्यात मुलीला शाळेत मध्ययुगीन युरोपवर प्रोजेक्ट मिळालं. बाकीच्या मुलांनी किल्ले आणि सरदार घेतले, हिने मांजर घेतलं. तेव्हाच्या लोकांना कोठारातल्या उंदरांसाठी मांजर हवं असायचं, मठातसुद्धा पाळायचे, आणि तेच मांजर काळं असलं की त्यात सैतान दिसायचा. थंडीत त्याच्या कातड्याचं अस्तरही करायचे. नवऱ्याने चार्टवर चित्रं चिकटवता चिकटवता निकाल दिला, "लिही, अडाणी होते सगळे. सायन्स नव्हतं ना तेव्हा."

दुसऱ्या दिवशी त्याचा इंटरव्ह्यू होता. आम्ही अमेरिकेत एच-वन व्हिसावर, हीही नोकरी हुकली तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. वाटेत मुलीला शाळेत सोडायचं होतं, आणि चार्ट दुमडू नये म्हणून तो धरायला मी. गाडी रस्त्याला लागते न लागते तोच समोरच्या म्हाताऱ्या बाईंचं काळं मांजर आडवं गेलं. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला.

"आधी कुणीतरी जाऊ दे," तो म्हणाला.

"व्हाय?" मुलीने मागून विचारलं.

"आधी जाईल त्याला अपशकुन लागतो. मग आपण सुटलो," मी सांगितलं.

आमची गल्ली पुढे बंद. तिथून सकाळी कोण जाणार? एम.टेक. झालेला माणूस इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. मला हसू येत होतं, पण भीतीही वाटत होती. "चल" म्हणायला तोंड उघडेना.

गाडी बर्फात रुतली असं वाटून समोरच्या बाई घरातल्या सपाता घालूनच बाहेर आल्या. काठी टेकत टेकत, मांजर गेलं ती वाट ओलांडून आमच्यापाशी पोचल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या, गाडी ढकलायची आहे का?

"नो नो, थँक यू मॅम!" नवऱ्याचा चेहरा एकदम सैलावला. गाडी निघाली.

"बाबा, सो नाऊ इट्स ऑन हर?"

मी हातातला चार्ट सरळ केला.

नोकरी मिळाली. त्यानंतर बर्फ पडला की नवरा फावडं घेऊन आधी समोर जायचा, बाईंच्या पायऱ्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकायचा, मग आमच्या ड्राइव्हवेकडे वळायचा. "म्हाताऱ्या आहेत, घसरतील," एवढंच म्हणायचा. गल्लीत आणखीही म्हातारी माणसं होती. त्यांच्याकडे तो कधी गेला नाही.