पिवळे पंख

गल्लीत सगळे त्याला आरसा म्हणत. गाड्यांचा रंग तो असा चमकवायचा की बायका जाता जाता बॉनेटमध्ये बघून केस सारखे करायच्या. आईवडिलांनी ठेवलेले नाव आता फक्त लाइट बिलावर उरले होते.

त्याचे जन्माचे वैरी म्हणजे किडे. हमरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या नाकावर ते आपटून मरतात आणि मेल्यावरही स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या अंगातला रस उन्हात रंग खातो. चार दिवस राहिले तर डाग कायमचा. अडाणी गिऱ्हाईक ते खसाखसा घासते आणि वर ओरखडे पाडून घेते. आरसा ओले फडके पसरायचा, दहा मिनिटे थांबायचा आणि मऊ झालेला किडा हलक्या हाताने उचलायचा. "मेलेल्यावर जबरदस्ती करू नये," म्हणायचा. त्या दहा मिनिटांत तो असे किस्से सांगायचा की माणूस गाडी विसरून हसत बसायचा.

हे सगळे गेल्या वर्षीच्या थंडीपर्यंत.

त्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच दातांचे डॉक्टर गाडी घेऊन दारात उभे होते. जुने गिऱ्हाईक, मवाळ माणूस. "लांबून आलोय. किडेच किडे. जरा लगेच करून द्या," म्हणाले. बंपरवर केसाएवढा ओरखडा होता. "गेटला घासली." आरशाने फडके टाकले. पुढच्या जाळीत किड्यांबरोबर काहीतरी पिवळे, लवदार चिकटले होते. मोठ्या पतंगाचा पंख असणार, त्याला वाटले. असले पंख त्याने हजारो पुसले होते. तेही मऊ करून पुसले, ओरखडा पॉलिशने घालवला. गाडी शोरूममधून आल्यासारखी झाली.

शेजारच्या शिंप्याचे दुकान त्या दिवशी उघडलेच नाही. दुपारी कळले, त्याचे वडील पहाटे फिरायला गेले होते, ते कालव्याच्या रस्त्याकडेला मरून पडलेले सापडले. ठोकणारा थांबला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आरसा भेटायला गेला. शिंप्याची आई मांडीवर नवऱ्याचा मफलर घेऊन बसली होती. पिवळ्या लोकरीचा, एक टोक फाटून गेलेला.

"याच महिन्यात विणला होता," ती म्हणाली. "राहिलेला तुकडा कुठं दिसला तर सांग बाबा. जोडून टाकीन."

आरशाला जाळीतला तो पिवळा पंख आठवला. घरी येऊन तो जेवला नाही. बायकोने विचारले, तर म्हणाला, "ऊन लागलं." ऐन थंडीत ऊन! कुठेतरी पाणी मुरतेय हे तिने ओळखले, पण खोदून विचारले नाही.

सांगणार काय, आणि कुणाला? पुरावा होता तो त्यानेच धुऊन गटारात सोडलेला. पिवळे पतंग असतातच की, असे तो स्वतःला समजावायचा. रंगाची छटा नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस, पण स्वतःला फसवायला बसला की अगदी आंधळा. वर्षभर त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मात्र ती दहा मिनिटे आता त्याला खायला उठायची. एकेक पंख तो उजेडात धरून बघायचा. आरसा तडकला, अशी लोक थट्टा करायचे. आणि शिंप्याची आई दुकानाच्या दारात बटणे लावत बसलेली असायची. तो दिसला की विचारायची, "काही कळलं का रे?" ती सगळ्यांनाच विचारायची. आरशाला वाटायचे, फक्त आपल्यालाच.

या थंडीत डॉक्टर पुन्हा आले. "त्या किड्यांचा वैताग आलाय. पुढच्या बाजूला ती पारदर्शक फिल्मच लावून टाका. कटकट नको." चेहरा तसाच मवाळ. किल्ली देऊन चालत गेले.

बंपरला फिल्म लावायची तर नंबरप्लेट काढावी लागते. एरवी तिला कुणी हात लावत नाही. आरशाने स्क्रू फिरवला, तर त्याला गुंडाळलेला धागा बाहेर आला. काळा पडलेला, चार बोटे लांब. त्याने नखाने मळ खरवडला. आत पिवळा होता.

तो पायरीवर बसला. फडके हातातच होते. पुन्हा एकदा पुसले की संपले, कुणाच्या बापाला कळणार नव्हते. त्याला त्या क्षणी स्वतःची किळस आली. तो उठला, किल्ली खिशात टाकली आणि शेजारी गेला.

म्हातारीने धागा बोटांत फिरवून बघितला. "माझीच लोकर," ती म्हणाली. "कुठं मिळाली?"

"दातांच्या डॉक्टरांच्या गाडीला."

शिंपी मशीनवरून उठला. "आणि राहिलेला तुकडा?"

"तो मी पुसला. त्याच दिवशी सकाळी, ह्याच हातांनी. तेव्हा कळलं नाही. तुमच्याकडं मफलर बघितला तेव्हा कळलं."

म्हातारीने हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"मी तुला रोज विचारत होते रे," ती म्हणाली.