कडीवरची फुलपुडी

अकोल्यात बदली झाली तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत माझी चांगलीच दमछाक झाली. तिसऱ्या घरी मालकीणबाईंनी चहा दिला आणि आडनावावरून अंदाज लागेना म्हणून सरळच विचारलं, "देव कोन्ता तुमचा? आमाले काही नाही, पन मालूम असलेलं बरं."

'आमाले काही नाही' म्हणणाऱ्यांनाच सगळं हवं असतं, हा माझा अमरावतीपासूनचा अनुभव. "घरी आई करते पूजा," एवढंच मी पुटपुटले. खोली मिळाली. बुद्धाची तसबीर मी कपाटाच्या आत लावली. रोज आधी खिडकी लावायची, मग कपाट उघडून हात जोडायचे.

त्या घरात फुलवाली सकाळी प्रत्येक दाराच्या कडीला पुडी अडकवून जायची. मी तिला फक्त पांढरी फुलं सांगितली होती. पहिली पुडी मंगळवारी आली, तर वरच जास्वंद आणि दुर्वा. बुधवारी झेंडू. मी पेटलेच. मालकीणबाईंनी हिला फितवलंय, माझी परीक्षा चाललीय, याबद्दल मला शंकाच उरली नाही. दोन्ही पुड्या मी पूर्ण न उघडता कचऱ्यात टाकल्या.

गुरुवारी दाराआड उभी राहिले आणि कडी वाजताच तिला गाठलं. "मी पांढरी सांगितली होती ना?"

तिनं आधी जिन्याकडे पाहिलं. "पांढरी खाली हायेत ताई. वरची त्या मालकीणबाईसाठी. थे रोज साऱ्याइच्या पुड्या उघडून पाह्यते. तुमच्या आंधीच्या ताईले नुसती पांढरीच देल्ली मी. महिन्यात खोली सोडा लागली तिले."

मी ओशाळले. आणि लगेच धसकाही बसला. मी कोण ते हिला फुलांवरून कळलं, म्हणजे आणखी कोणाकोणाला कळलं असेल?

"मंग उद्यापासून काय करू?" तिनं विचारलं.

'नुसती पांढरी दे,' म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात चौथं घर शोधायची पायपीट डोळ्यांपुढे आली.

"आहे तसंच चालू दे," मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारी जिन्यात मालकीणबाई भेटल्या. "फुलं पाह्यली तुमची. मंगळवार चांगला पाळता हो तुमी," त्या कौतुकानं म्हणाल्या.

मी हसून मान डोलावली. वर आले, खिडकी लावली. कपाट उघडायचा मात्र त्या दिवशी मला धीर झाला नाही.