खुनी सापडेपर्यंत

माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहतात आणि सहा महिने धाकट्या दिरांकडे. आम्ही शिरगावात, ते सोनिवलीत, मध्ये फक्त रेल्वेचे रूळ. अक्षय्य तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत आमची पाळी, पुढे त्यांची. बदलापूर गावातली शेतजमीन बिल्डरला दिली, तेव्हाच दोघा भावांनी हेही उरकून टाकलं. मिळालेले फ्लॅट निम्मे-निम्मे, आई सहा-सहा महिने. आईंना विचारलं होतं का, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं. "त्यात विचारायचं काय?" म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं सांगायचं तर मलाही ती सोय पसंत होती. पहिली काही वर्षं मी दसऱ्याची वाट काही सोनं लुटायला पाहत नव्हते. मी भाजीला फोडणी दिली की मागून "मीठ टाकलास काय?" आणि नाही टाकलं तर टाकल्यावर "किती टाकलास?" कुरियरवाला आला की त्याला आत बसवून त्याचं गाव, त्याचं लग्न आणि त्याच्या बहिणीचं लग्न, अशी चौकशी व्हायची. बिचाऱ्याला खाली गाडीवर अजून चाळीस खोकी पोचवायची असायची.

माझंही एक व्यसन होतं, ते मी कोणाला फारसं दाखवत नसे. मी अंबरनाथच्या कारखान्यातल्या साहेबाची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली. मला इंग्रजी कादंबऱ्या लागतात, पण थोरामोठ्यांच्या नव्हेत. छोटं गाव, गोड प्रेम आणि एक सुबक खून, अशा. उल्हासनगरात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथले सिंधी काका मला लांबून बघूनच गठ्ठा सोडतात. "आओ साईं, नया माल आया है. मर्डर भी है, शादी भी है, बिल्ली भी है." मांजर मुखपृष्ठावर असतंच. ते खुनाच्या तपासात काडीची मदत करत नाही, पण सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं सगळीकडे हजर असतं.

या गोष्टींत एक बाई मोठ्या शहरातली नोकरी सोडून लहान गावात येते आणि केकचं दुकान काढते. दुसऱ्या प्रकरणात तिच्या दुकानामागे प्रेत सापडतं. तपासाला येणारा इन्स्पेक्टर देखणा असतो आणि बिनलग्नाचा असतो. गावात माणसं जेमतेम आठशे, दर पुस्तकात त्यातलं एक कमी होतं, तरी कोणी घर विकत नाही. आमच्याकडे दोन दिवस पाणी आलं नाही की लोक पनवेलचे भाव विचारू लागतात. त्या गावात नळाला पाणी असतं, वीज जात नाही आणि बाई केक भट्टीत टाकून खुशाल तपासाला निघते. आमच्या इमारतीच्या नावात 'व्ह्यू' आहे. समोर दिसतात ती बी विंगवाल्यांची वाळत घातलेली चड्ड्या-बनियनं.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. आमच्याकडे शुक्रवारची वीज दुरुस्तीच्या नावानं जायचीच. टीव्ही बंद पडला, त्यामुळे सासूबाईंची मालिका गेली. त्या परातीत भिजवलेले वाल घेऊन सोलत बसल्या होत्या आणि मी पुस्तकात. "काय गो वाचतंस एवढा? मना पन सांग की." माझा नाइलाज होता. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायला लागले.

तिसऱ्या प्रकरणापर्यंत ठीक चाललं होतं. तिथे इन्स्पेक्टरने केकवालीला जवळ घेतलं. लेखिकेने पाऊण पान खर्च केलं होतं. समोर सासूबाई, हातात वाल. मी वाचलं, "मग दोघांनी चहा घेतला." सुटले, असं वाटलं. पण पाचव्या प्रकरणात त्यांनी चार वेळा चहा घेतला. सातव्यात तर भर पावसात, गाडीत बसून. "पित्त होईल त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

पण बाईंची नजर भलतीच तीक्ष्ण निघाली. चौथी पास, इंग्रजीचा गंध नाही, आणि खुनी त्या अर्ध्या पुस्तकात ओळखायच्या. मी इतकी वर्षं वाचतेय, मला कधी शेवटच्या पानाआधी कळलं नव्हतं. "जमिनीचं कागद कोनाकरं हायत ता बघ," त्या म्हणायच्या, "नि मयताला येऊन सगल्यात जास्त कोन रडला." दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस असेल तर तोच खुनी. हा नियम एकदाही चुकला नाही. एवढी अक्कल त्यांनी कुठून कमावली, हे मी विचारलं नाही. बदलापूर गावात जमिनी विकल्या जाताना त्या तिथेच होत्या.

मग दुपारी दोन वाजले की मी कामं आटपून बसायची आणि त्या परात घेऊन. वाल संपले तर मुद्दाम लसूण काढायच्या. इन्स्पेक्टरला त्या तोंडावर शिव्या द्यायच्या. "या मेल्याला पगार कशाचा देतात?" त्या सोनिवलीला गेल्या की मी एकटी वाचायची, आणि पुस्तक तेच असलं तरी मजा यायची नाही. हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

या वर्षी दसऱ्याला दीर न्यायला आले तेव्हा पुस्तकाची तीस पानं राहिली होती. "खुनी सापडला की येते," सासूबाईंनी सांगितलं. दीर हसले, श्रीखंड-पुरी खाऊन गेले. तीस पानं म्हणजे दोन दुपारी. दुसऱ्या दुपारी शेवटच्या पानावर खुनी पकडला गेला, केकवालीचा चुलतभाऊ. सासूबाईंनी तो केव्हाच सांगून ठेवला होता. आता मी "संपलं" म्हणायचं आणि त्यांनी पिशवी भरायची. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर हे असं वाटावं, याची मला लाजच वाटली. मी वाचलं, "चुलतभावाला बेड्या घातल्या, पण तेवढ्यात दुकानामागे दुसरं प्रेत सापडलं."

आणि मी सुटलेच. डॉक्टर आणला, वकील आणला. विलायतेतल्या त्या चिमुकल्या गावात एक बिल्डर घुसवला. तिसऱ्या दिवशी काही सुचेना, तेव्हा पाण्याचा टँकर आणला आणि त्यात पुरावा लपवला.

"तिकडं पन टँकर?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडेही," मी म्हटलं.

कोजागरी झाली. दिरांचा फोन आला, "वहिनी, पुस्तक आहे का पुराण?" मागून जाऊबाईंचा आवाज, "आम्ही काय उपाशी ठेवतो का आईंना?" नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. नवरा म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय, उगाच भावाभावांत वाकडं नको." माझ्या कल्पनेतले बिल्डरही संपत आले होते.

गुरुवारी दुपारी मी मनाचा हिय्या केला. "आई, मी खोटं बोलतेय. पुस्तक दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी संपलं. पुढचं सगळं माझ्या मनाचं."

त्यांनी वाल सोलायचं थांबवलं नाही. "ठाव हाय."

"कसं?"

"सोमवारपासून ता पुस्तक मिटून तुझे मांडीवर परलाय. तू वर पंख्याकरं बघून वाचतंस."

मी खाली पाहिलं. पुस्तक मिटलेलं होतं, वर माझा चष्मा. चार दिवस मी मिटल्या पुस्तकातून, चष्म्याशिवाय, घडाघडा इंग्रजी वाचत होते.

"मग बोलला का नाहीत?"

आता त्यांचे हात थांबले. "पोरं मना न्यायला येतात नि सोडाला येतात, गो. ठेवून घेनारी तू पयली."

त्यांनी परात बाजूला सरकवली, ओले हात पदराला पुसले. "त्याला फोन लाव."

मी दिरांना फोन लावला, स्पीकर सुरू करून त्यांच्यासमोर धरला. दिरांनी लगेच विचारलं, "सापडला का खुनी? बोल आई, रविवारी येऊ ना न्यायला?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "तारीख तुमी नका काढू. मना यायचा असंल तवा मी सांगन."